झिऑन की आय५? सर्व्हरचा प्रोसेसर आणि डेस्कटॉपचा प्रोसेसर यांची तुलना नीट कशी करायची

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये किंवा ऑनलाइन बाजारात झिऑन या इंटेलच्या सर्व्हरसाठीच्या जुन्या प्रोसेसरवर बांधलेली मशीनं सर्रास विकायला असतात. १४ कोर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग), २८ थ्रेड (एका वेळी चालू शकणाऱ्या कामांच्या धारा), ६४ जीबी रॅम. तेवढ्याच पैशांच्या आसपास नवं मशीन घ्यायला गेलं तर ६ कोरचा आय५ आणि १६ जीबी रॅम पदरात पडते. जाहिरातीतले आकडे शेजारी ठेवले की पहिलं मशीन दुप्पट भारी वाटतं. ते घेऊन घरी आलेला विद्यार्थी ऑटोकॅड उघडतो आणि मित्राचा साधा आय५ आपल्यापेक्षा चपळ का, हे त्याला कळत नाही. उलटही होतं. ज्याला पाच-सहा व्हर्च्युअल मशीनं (एकाच संगणकात चालणारे आभासी संगणक) एकदम चालवायची आहेत तो नवाकोरा आय५ घेतो आणि रॅम अपुरी पडून अडकून बसतो.

या दोघांनीही आकडे वाचलेले असतात. आपलं काम कोणत्या आकड्यावर चालतं हे मात्र पाहिलेलं नसतं. म्हणून इथे एक खरी जोडी घेऊन तुलना करू: इंटेलचा २०१६ सालचा झिऑन ई५-२६८० व्ही४ आणि जानेवारी २०२२ मध्ये आलेला आय५-१२४००. डेटा सेंटरमधून निवृत्त झालेल्या सर्व्हरमधून पहिला मोठ्या संख्येनं बाहेर पडला आहे आणि दुसरा घरगुती मशीनमधला मध्यम वर्गाचा प्रोसेसर आहे. जोडी बदलली तरी रीत हीच राहते.

## आधी एक गैरसमज दूर करू

सर्व्हरचा प्रोसेसर म्हणजे आत काही निराळा, जास्त ताकदीचा कोर असतो असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं, आणि याचा सर्वांत स्वच्छ पुरावा इंटेलची स्पर्धक असलेल्या एएमडीच्या घरात मिळतो. सप्टेंबर २०२२ मधला डेस्कटॉपचा रायझन ९ ७९५०एक्स आणि नोव्हेंबर २०२२ मधला सर्व्हरचा एपिक ९६५४, दोन्हींत झेन ४ हाच कोर आहे. आठ-आठ कोरच्या चिपलेट (छोट्या चिप) बनवायच्या. डेस्कटॉपच्या प्रोसेसरमध्ये अशा दोन बसवल्या की १६ कोर, सर्व्हरच्या प्रोसेसरमध्ये बारा बसवल्या की ९६.

फरक कोरच्या भोवतीच्या व्यवस्थेत आहे. रायझनला मेमरीचे दोन चॅनेल (रॅमकडे जाणाऱ्या वाटा), एपिकला बारा. रायझनला पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्डं आणि डिस्क जोडायच्या मार्गाच्या) २८ लेन, त्यातल्या वापरायला मिळतात २४, एपिकला १२८. वेगाच्या बाबतीत मात्र पारडं उलटं झुकतं: रायझनचा कोर ५.७ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, एपिकचा ३.७ वर थांबतो. ९६ कोरना ३६० वॅटमध्ये बसवायचं तर प्रत्येकाच्या वाट्याला वीज कमीच येणार.

पुढे मे २०२४ मध्ये एएमडीनं एपिक ४००४ नावाची मालिका आणली. ती तर सरळ रायझनच्या एएम५ सॉकेटमध्येच (बोर्डवरच्या प्रोसेसरच्या जागेत) बसते, म्हणजे नाव सर्व्हरचं आणि घडण डेस्कटॉपची. तेव्हा डब्यावर झिऑन किंवा एपिक लिहिलंय यावरून काहीच ठरवू नका.

## पहिली पायरी: आपलं काम प्रोसेसरला कसं वापरतं ते बघा

ही पायरी लोक टाळतात, आणि खरा निकाल इथेच लागतो. सध्या जे मशीन आहे त्यावर नेहमीचं काम सुरू करा. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयूच्या आलेखावर उजवं क्लिक करा आणि प्रत्येक लॉजिकल प्रोसेसरचा वेगळा आलेख दिसेल असं करा. लिनक्सवर एचटॉप हेच दाखवतं. आता काम ज्या क्षणी तुम्हाला थांबायला लावतं तेव्हाच पडद्याकडे पाहा. दिवसभराची सरासरी इथे कामाची नाही.

एखाद-दुसरा आलेख वर टेकलेला आणि बाकीचे निवांत दिसत असतील, तर तुम्हाला एका कोरचा वेग हवा आहे. ऑटोकॅडमधली बहुतेक कामं, एक्सेलचे मॅक्रो आणि पुष्कळसे गेम या गटात येतात. सगळे आलेख वर टेकले असतील तर जास्त कोरचा उपयोग होईल; ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सीपीयूवर रेंडर करणं किंवा मोठा सॉफ्टवेअर प्रकल्प कंपाइल करणं (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणं) ही अशी कामं. तिसरी शक्यता अशी की प्रोसेसर रिकामाच आहे, पण मेमरी भरलीय किंवा डिस्क शंभर टक्क्यांवर आहे. तसं असेल तर प्रोसेसर बदलण्याचा विचारच सोडा; एसएसडी किंवा रॅम घ्या.

तुमचं काम दिवसातून किती तास चालतं, मशीन रात्रंदिवस चालू राहणार का, आणि एका वेळी ते किती माणसं वापरणार, एवढंही लिहून ठेवा. पुढे विजेचा हिशेब करताना लागेल.

## दुसरी पायरी: नावावरून पिढी ओळखा

दुकानात नुसतं “झिऑन आहे” असं सांगतात, त्याला काही अर्थ नाही. पूर्ण क्रमांक मागा. ई५-२६८० व्ही४ मध्ये उपयोगाच्या दोन गोष्टी आहेत. मधल्या क्रमांकाचा पहिला अंक २ म्हणजे हा प्रोसेसर दोन सॉकेटच्या बोर्डवर जोडीनं चालू शकतो. तिथे १ असेल तर एकटाच आणि ४ असेल तर चौघांपर्यंत. शेवटचं व्ही४ म्हणजे पिढी: व्ही३ हा हॅसवेल, व्ही४ हा ब्रॉडवेल. ज्याला व्हीच नाही तो २०१२ चा सँडी ब्रिज आणि व्ही२ म्हणजे आयव्ही ब्रिज.

पिढीला महत्त्व अशासाठी की पहिल्या दोन पिढ्यांत एव्हीएक्स२ या सूचना (एका वेळी अनेक आकड्यांवर गणित करणाऱ्या आज्ञा) नाहीत, त्या व्ही३ पासून आल्या. आजची काही सॉफ्टवेअर त्यांच्याशिवाय सुरूच होत नाहीत. २०२५ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० ला त्या लागतातच. म्हणून कितीही स्वस्त मिळाला तरी व्ही२ किंवा त्याआधीचा झिऑन आता घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रोसेसरच्या धातूच्या टोपणावर क्रमांक कोरलेला असतो. तिथे क्रमांकाऐवजी “इंटेल कॉन्फिडेन्शियल” असं दिसलं तर तो चाचणीसाठी बनवलेला नमुना आहे. वेग, बायोसशी (मशीन सुरू करणाऱ्या बोर्डवरच्या सॉफ्टवेअरशी) जुळणं, कशाचीच खात्री नाही. असा तुकडा परत करा.

## तिसरी पायरी: कोर, वेग आणि साधं गणित

झिऑन ई५-२६८० व्ही४ चा मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ, कमाल ३.३. पण हा कमाल वेग एखाद-दोन कोर चालू असतानाचा. चौदाही कोर कामाला लागले की तो २.९ च्या आसपास राहतो. आय५-१२४०० चा कमाल वेग ४.४ आणि सहाही कोरवर मिळून ४.०. शिवाय मधल्या सहा वर्षांत कोरची रचनाच सुधारली, त्यामुळे घड्याळाच्या एका ठोक्यात नवा कोर जास्त काम उरकतो. दोन्ही गोष्टी मिळून परिणाम असा होतो की सिनेबेंचसारख्या चाचणीत झिऑनचा एक कोर आय५ च्या एका कोरच्या साधारण निम्म्या ताकदीचा ठरतो, आणि सगळे कोर लावले की दोघं जवळजवळ बरोबरीला येतात. १४ जुने कोर म्हणजे ढोबळमानानं ७ नवे, असं मनात धरून चाला.

आता हे आपल्या कामाला लावून पाहू. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम इथे उपयोगी पडतो. कामाचा जो भाग वाटून देता येत नाही तो तसाच ठेवायचा, जो वाटता येतो त्याला कोरच्या संख्येनं भागायचं आणि बेरीज करायची.

समजा एक काम आय५ च्या एका कोरवर १०० मिनिटं घेतं. म्हणजे झिऑनच्या एका कोरवर २०० मिनिटं. त्यातला ८० टक्के भाग वाटता येतो. आय५ वर २० मिनिटं अधिक ८० भागिले ६, म्हणजे सुमारे ३३ मिनिटं. झिऑनवर ४० अधिक १६० भागिले १४, म्हणजे सुमारे ५१ मिनिटं. दुपटीहून जास्त कोर असून झिऑन मागे पडला, कारण न वाटता येणारी ४० मिनिटं त्याचा एकच हळू कोर ओढत बसला.

तेच काम ९८ टक्के वाटता येत असेल तर आय५ वर २ अधिक १६.३, म्हणजे सुमारे १८ मिनिटं. झिऑनवर ४ अधिक १४, म्हणजे १८ मिनिटं. इतकं अनुकूल काम निवडूनसुद्धा फक्त बरोबरी! हे गणित थ्रेड आणि वेगातले चढउतार सोडून केलेलं आहे, तरी दिशा अचूक दाखवतं. नुसत्या गणनशक्तीसाठी या वयाचा झिऑन घेण्यात फायदा उरलेला नाही. फायदा असलाच तर पुढच्या दोन पायऱ्यांत आहे.

दोन सॉकेटच्या बोर्डवर दोन झिऑन लावून २८ कोर करण्याचा मोह होतो. पण त्यात प्रत्येक प्रोसेसरची मेमरी स्वतःची असते आणि दुसऱ्याच्या मेमरीतलं काही हवं असेल तर मधल्या दुव्यावरून मागवावं लागतं, त्याला वेळ लागतो. दहा स्वतंत्र व्हर्च्युअल मशीनं चालवायची असतील तर हे खपून जातं. एकच मोठा प्रोग्राम चालवायचा असेल तर तो २८ कोरवर दुप्पट वेगानं पळेल असं धरू नका.

## चौथी पायरी: मेमरी, जिथे सर्व्हरचा प्रोसेसर आपली किंमत वसूल करतो

इथे तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि विकणारे त्या एकत्र कालवतात.

पहिली क्षमता. आय५-१२४०० ला जास्तीत जास्त १२८ जीबी रॅम चालते. झिऑन ई५ व्ही४ ला दीड टीबी. प्रॉक्समॉक्ससारख्या प्रणालीवर व्हर्च्युअल मशीनं चालवणाऱ्याला कोर संपण्याच्या कितीतरी आधी रॅम संपते. अँड्रॉइडचा पूर्ण सोर्स कंपाइल करायला गूगल किमान ६४ जीबी रॅम मागतं. अशा कामाला जुना झिऑन खरोखर योग्य आहे, कारण त्याला लागणारी रजिस्टर्ड रॅम (सर्व्हरसाठीची खास प्रकारची रॅम) सर्व्हरमधूनच निघून बाजारात येते. ती घरगुती बोर्डवर मात्र चालत नाही. डीडीआर४ ची रजिस्टर्ड पट्टी स्लॉटमध्ये व्यवस्थित बसते आणि मशीन सुरूच होत नाही. खरेदीत हे लक्षात ठेवा.

दुसरी रुंदी, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमध्ये सेकंदाला किती डेटा जातो ते. झिऑनला डीडीआर४-२४०० चे चार चॅनेल, म्हणजे सेकंदाला ७६.८ जीबी. आय५ ला डीडीआर४-३२०० चे दोन, म्हणजे ५१.२. हा फायदा खरा, पण आय५ ला डीडीआर५-४८०० चा बोर्ड घेतला तर दोनच चॅनेलमध्ये तेही ७६.८ वर येतात. आणि एक मेख अशी की चार चॅनेलचा लाभ चार पट्ट्या लावल्या तरच मिळतो. “६४ जीबी” म्हणून दोनच पट्ट्या लावून दिलेल्या मशीनमध्ये ही रुंदी निम्मी झालेली असते. कॅबिनेट उघडून मोजा.

तिसरी आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे ईसीसी, म्हणजे रॅममधल्या चुका पकडून दुरुस्त करण्याची सोय. साध्या रॅममध्ये ६४ बिट एकत्र जातात. ईसीसी रॅममध्ये त्यांच्यासोबत तपासणीचे ८ बिट असतात. एक बिट आपोआप पालटला तर तो दुरुस्त होतो, दोन पालटले तर निदान चूक झाल्याचं कळतं. हे पुस्तकी भय नाही. मे २००३ मध्ये बेल्जियममधल्या स्कारबेक इथे मतदान यंत्रांच्या मोजणीत एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त मिळालेली दिसली. तिला मिळू शकतील त्याहून तो आकडा मोठा होता, म्हणूनच लक्षात आलं. ४०९६ म्हणजे दोनचा बारावा घात, नेमकी एका बिटाची किंमत. तपासात दुसरा दोष सापडला नाही आणि मेमरीतला बिट आपोआप पालटला असावा या निष्कर्षावर यावं लागलं. गूगलच्या सर्व्हरवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दरवर्षी ८ टक्क्यांहून जास्त रॅम पट्ट्यांमध्ये चुका आढळल्या होत्या.

घरच्या मशीनवर एखादा बिट पालटला तर फार तर एखादा प्रोग्राम बंद पडतो. पण पतसंस्थेची खाती, दवाखान्याच्या नोंदी किंवा वर्षानुवर्षांचे फोटो साठवणारा सर्व्हर असेल, तर तो चुकीचा बिट गुपचूप डिस्कवर आणि तिथून प्रत्येक बॅकअपमध्ये जातो. अशा ठिकाणी ईसीसीवर तडजोड करू नये, हे मी आग्रहानं सांगेन. डीडीआर५ च्या जाहिरातीत चिपच्या आत ईसीसी असल्याचं लिहितात. ती सोय फक्त चिपच्या पोटातल्या चुकांपुरती आहे, प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवरच्या चुका ती पकडत नाही.

ईसीसीसाठी झिऑनच घ्यायला हवा असंही नाही. बरेच रायझन प्रोसेसर बोर्डनं साथ दिली तर साधी ईसीसी रॅम चालवतात. इंटेलच्या बाराव्या पिढीत डब्ल्यू६८० चिपसेटच्या बोर्डवर काही ठरावीक मॉडेलना ती चालते. नवं मशीन घ्यायची ऐपत असेल आणि रॅम १२८ जीबीच्या आत भागत असेल, तर हा मार्ग जुन्या झिऑनपेक्षा मला जास्त पसंत आहे.

## पाचवी पायरी: लेन आणि ग्राफिक्स

झिऑनला पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या ४० लेन आहेत. दोन ग्राफिक्स कार्डं पूर्ण १६-१६ लेनवर आणि वर चार-चार लेनच्या दोन एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडी), एवढं सगळं थेट प्रोसेसरला जोडता येतं. आय५ ला १६ लेन ५.० च्या आणि ४ लेन ४.० च्या. प्रत्येक लेन कितीतरी वेगवान, पण संख्या कमी. एक कार्ड आणि एक-दोन डिस्क लावणाऱ्याला फरक पडणार नाही.

व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनी मात्र इथे थांबून विचार करावा. झिऑन ई५ मध्ये ग्राफिक्स अजिबात नाही. ग्राफिक्स कार्ड नसेल तर पडद्यावर काहीच येणार नाही, हा एक भाग. त्याहून मोठा भाग म्हणजे क्विक सिंक (व्हिडिओ हाताळणारी इंटेलच्या ग्राफिक्समधली खास सोय) नाही. आय५-१२४०० मधल्या यूएचडी ७३० ग्राफिक्समुळे कॅमेऱ्यातून आलेले एच.२६४ आणि एचईव्हीसी व्हिडिओ टाइमलाइनवर सहज पुढे-मागे सरकतात. लग्नाचं शूटिंग कापणाऱ्याला २८ थ्रेडपेक्षा ही सोय जास्त कामाची आहे. आय५ घेतानाही क्रमांकाच्या शेवटी एफ नाही ना हे पाहा. एफ असेल तर त्यात ग्राफिक्स नाही.

## सहावी पायरी: बोर्ड, वीज आणि विंडोज

प्रोसेसर एकटा येत नाही. जुन्या झिऑनबरोबर येणारे एक्स९९ नावाचे नवे चिनी बोर्ड बऱ्याचदा जुन्या बोर्डवरून काढलेले चिपसेट वापरून बनवलेले असतात. बायोसचे अपडेट, झोपलेलं मशीन नीट जागं होणं, अशा बारीक गोष्टींत ते त्रास देतात. त्यापेक्षा डेल प्रिसिजन टी५८१० किंवा एचपी झेड४४० सारखं कंपनीचं जुनं वर्कस्टेशन मला जास्त भरवशाचं वाटतं. त्यातही एक अट आहे: त्यांचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि बोर्डचा जोड कंपनीच्या स्वतःच्या मापाचा असतो. उद्या एसएमपीएस गेला तर कोपऱ्यावरच्या दुकानातला बसणार नाही, त्यामुळे पर्यायी भाग कुठे मिळतो ते आधीच विचारून ठेवा. पिझ्झाच्या खोक्यासारखा पसरट रॅक सर्व्हर घरी आणायचा विचार असेल तर तो दुकानात चालू करून ऐका. त्याच्या छोट्या पंख्यांचा आवाज झोपायच्या खोलीत सोसवत नाही.

विजेसाठी नुसता डब्यावरचा आकडा पाहू नका. झिऑनचा १२० वॅट आणि आय५ चा ६५ असं लिहिलेलं असतं, पण टर्बोमध्ये, म्हणजे वाढीव वेगानं चालताना, आय५ सुद्धा ११७ पर्यंत जाऊ शकतो. खरा फरक रिकाम्या वेळी पडतो, कारण जुना बोर्ड, रॅमच्या जास्त पट्ट्या आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नुसतं बसून वीज खातात. प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर मिळतो, त्यानं पूर्ण मशीन मोजा. समजा फरक ६० वॅटचा निघाला. रात्रंदिवस चालवलं तर वर्षाला सुमारे ५२५ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर सव्वापाच हजार. रोज आठ तासच वापरलं तर पावणेदोन हजारांच्या आसपास. तुमच्या बिलातला दर घाला, तीन वर्षांची बेरीज करा आणि ती मशीनच्या किमतीत मिळवून मगच स्वस्त-महाग ठरवा. इन्व्हर्टरवर काम करणाऱ्या गावांत तर हा आकडा बॅटरी किती टिकेल तेही ठरवतो.

विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, त्यामुळे ब्रॉडवेल झिऑन अधिकृत यादीत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लिनक्स चालवणार असाल तर ही अडचण नाही; ऑफिसचं मशीन असेल तर मात्र याच एका मुद्द्यावर मी आय५ घेईन.

## सातवी पायरी: पैसे देण्याआधीची चाचणी

दोन मशीनं समोर असतील तर दोन्हींवर तीच फाइल, तेच सॉफ्टवेअर, तीच आवृत्ती. विंडोजची पॉवर सेटिंग सारखी ठेवा. शक्य असेल तर स्वतःचं खरं काम पेनड्राइव्हवर न्या: रेंडरचा एक सीन, कंपाइल करायचा प्रकल्प, जड एक्सेल फाइल. ते जमत नसेल तर सेव्हन-झिपमधली बेंचमार्कची सोय वापरा. ती फुकट आहे, छोटी आहे आणि थ्रेडची संख्या बदलता येते. एकदा एका थ्रेडवर, एकदा सगळ्यांवर चालवा आणि दोन्ही आकडे लिहा. प्रत्येक चाचणी तीनदा करून मधला आकडा धरा.

त्यानंतर सगळ्या कोरवर अर्धा तास भार ठेवून एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तापमान आणि वेग पाहत राहा. वेग पहिल्या पाच मिनिटांनंतर खाली घसरत गेला तर कूलर अपुरा आहे किंवा प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली पेस्ट वाळली आहे. पेस्ट बदलायला फारसा खर्च येत नाही, तेवढ्यावरून व्यवहार मोडू नका, पण किमतीत धरून घ्या.

जुन्या मशीनची रॅम मेमटेस्ट८६ या चाचणीच्या प्रोग्रामनं तपासल्याशिवाय घेऊ नका. चार-पाच तास लागतात, म्हणून दुकानदाराशी बोलून मशीन सकाळी लावा आणि संध्याकाळी जा. ईसीसी रॅम असेल तर दुरुस्त झालेल्या चुकासुद्धा तो दाखवू शकतो. एखादी पट्टी पुन्हा पुन्हा तशा चुका देत असेल तर ती बदलून मागा. बिलावर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, रॅमच्या पट्ट्यांची संख्या आणि परत घेण्याची मुदत लिहून घ्या, आणि घरी आल्यावर त्या मुदतीतच पहिल्या पायरीतलं स्वतःचं काम पूर्ण दिवस चालवून बघा.